खाडाखोड

आमच्या ओपीडीतला वजनकाटा
रिकामा असतानाही दोनशे ग्रॅम दाखवतो.
चार अर्ज झाले. देखभाल खात्याचा माणूस
येतो येतो म्हणतो,
आणि खिडकीबाहेरून चेंबूरची मोनोरेल
जवळजवळ रिकामीच जाते.

मी वजा करते.
दोनशे ग्रॅमने गोळीचा डोस हलत नाही,
पण चोवीस वर्षं झाली या नोकरीत,
हाताला खाडाखोडीचा तिटकारा आहे.

गुरुवार मुलांचा.
बाकावर आया. मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत शाळेचं पत्र, दर्ग्याचा दोरा,
मागच्या डॉक्टरचं न लागणारं अक्षर.
प्रत्येकीचा प्रश्न एकच, आणि तो विचारताना
आवाज दाराबाहेरच्या चपलांइतका खाली:
सिस्टर, डोक्याचं नाही ना काही?
मी म्हणते, डोकं आहे तर कधी दुखणारच, ताई,
पोट नाही का दुखत?
त्या हसत नाहीत.
मीही हसवायला म्हणत नाही.

केतकी, पंधरा. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता.
आकडा मला सांगू नका, म्हणते.
मी आकड्यावर तळहात ठेवते.
बीपीच्या पट्ट्यासाठी बाही वर घ्यावी लागते,
ती स्वतःच घेते, सावकाश,
हाताकडे न बघता.
मी बघताना कशी दिसते
ते ती बघत असते.

झुबेर, नऊ. मानखुर्दचा.
घरात बोलतो, भांडतो, बहिणीच्या नकला करतो,
अम्मीच्या फोनमध्ये पुरावा आहे.
उंबऱ्याबाहेर दोन वर्षं एक अक्षर नाही.
अकरा गुरुवार मी त्याच्याशी बोलतेय
माझ्या मोडक्या हिंदीत, त्याला काहीही न विचारता.
प्रश्नचिन्ह गिळायला शिकावं लागतं.
घरीसुद्धा आता "जेवलास का" निघत नाही तोंडातून,
मी म्हणते, आमटी गरम आहे.
नवरा म्हणतो, झालंय काय तुला.

झुबेरला मी काट्याच्या चहाड्या सांगते.
हा खोटारडा आहे. कोणी नसलं
तरी म्हणतो, आहे कोणीतरी, छोटंसं.
हे बघ, तेवढं आपण कापलं.
तो बघतो.
बँडेजच्या पट्टीने टेबलाला बांधलेलं पेन,
पेनाचं टोक, टोकाखालचा आकडा.

परवा बुधवारी, माझी ड्यूटी संपल्यावर,
देखभालवाला येऊन गेला म्हणे.
मला कोणी सांगितलं नाही.

गुरुवारी झुबेर चढला. चोवीस सहाशे.
मी सवयीने लिहिलं, चोवीस चारशे.
आणि मागून, म्हणजे बाजूने, म्हणजे कुठूनतरी
घोगरा, कपाटात घडी घालून ठेवल्यासारखा आवाज:
"पहले तो झीरो था."

पेन मी थांबू दिलं नाही.
अशा वेळी वळायचं नसतं.
शाबास म्हणायचं नसतं, डॉक्टरांना हाक मारायची नसते.
सगळ्यांनी एकदम पाहिलं की आवाज परत आत जातो,
हे पुस्तकात आहे.
न वळणाऱ्या मानेचं काय होतं
ते पुस्तकात नाही.

त्याची अम्मी झेरॉक्सला गेली होती.

अच्छा, म्हटलं, म्हणजे मीच चुकले.
चारशे खोडलं. सहाशे लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात:
एक वाक्य बोलला. वजनाबद्दल. बरोबर होतं.

तो उतरला. आकडा उतरेपर्यंत
वाकून उभा राहिला, खात्री करून घेतली,
मग बाहेर जाऊन बाकावर बसला,
गप्प, नेहमीसारखा,
पाय हलवत.

केसपेपरवर खाडाखोड झाली
की शेजारी सही लागते.
केली.
पुढचा नंबर.