नावं ठेवायची नाहीत

म्हापशाच्या मासळी बाजारातून आली,
थर्माकोलच्या खोक्यात, चौघं,
अंगाला बांगड्याचा वास, डोळे अजून चिकटलेले.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटी, वाटीत एकेक पिल्लू:
एकशे दहा. एकशे चार. एकशे बारा. नव्वद.
कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं, गॅसच्या तारखेखाली.

माझा नियम एकच, नावं ठेवायची नाहीत.
नाव ठेवलं की जीव अडकतो,
आणि ही तर आठ आठवड्यांची पाहुणी.
"मग मी तुलाच ठेवतो," पुंडलिक म्हणाला,
आणि कूस बदलून झोपला.

फेणीच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी,
वर त्याचा जुना मोजा: ही झाली आई.
रात्री दोनला, पहाटे पाचला
सिरिंजने थेंब थेंब दूध,
मग ओल्या कापसाने पोट पुसत बसायचं
शू होईपर्यंत.
आईच्या जिभेचा खरखरीतपणा कापसाला कुठून यावा.

नव्वदचं त्र्याण्णव झालं.
मग ब्याण्णव. मग अठ्ठ्याऐंशी.
मग रकाना कोरा.
फणसाखाली खड्डा पुंडलिकने खणला,
बोलला काहीच नाही.
चहा मात्र दोनदा केला.

आज हळदोण्याहून इझाल्टिना आली, तिघांना न्यायला.
"नावं काय यांची?"
मी "नाहीत" म्हणायच्या आत
बाल्कांवावरून आवाज आला:
"तारली. मुडदुशी. आणि तो काळा, शेवटो."
तिघांचे कान एकदमच तिकडे वळले.

गाडी गेल्यावर मी काही विचारलं नव्हतं.
"वेर्ली," तोच म्हणाला, "चौथी,"
आणि खोकं धुवायला नळावर गेला.