पाणी झालं

मिरकरवाड्यात पहाटे साडेतीनला
बर्फ फोडायचं यंत्र सुरू होतं.
तेव्हा मी झोपलेली असते.
हे कबूल करायला हवं, कारण टिपणात मी लिहिलंय,
"प्रत्यक्ष पाहणी केली."
केली. सकाळी अकराला. चहा घेतला, फोटो काढले,
चपलेत पाणी गेलं.

अर्जदार : मजगावकर आइस फॅक्टरी.
मागणी : एक कोटी दहा लाख.
नवा कॉम्प्रेसर, अमोनियाच्या नळ्या, मुदत सात वर्षं.
सात वर्षं म्हणजे माझ्याकडे सात रकाने.
पहिला भरायचा, त्याचा कोपरा धरायचा
आणि उजवीकडे ओढत न्यायचा,
जाळं ओढतात तसा नाही, फार हलका,
दीड सेकंदात सात वर्षं येतात.
एकातही वीज जात नाही.

मासेमारीचे दिवस : दोनशे दहा.
तीनशे पासष्टातून बंदीचे एकसष्ट वजा,
त्रेचाळीस शुक्रवार वजा,
नारळी पौर्णिमेची वाट बघणाऱ्यांचे बारा वजा,
वाऱ्याचे एकोणचाळीस वजा.
हे एकोणचाळीस माझे.
अंदाजाला आमच्यात गृहीतक म्हणतात,
म्हणजे तो निळ्या रंगात लिहितात.

जुबैदाबींनी ताळेबंद दिला, तो सी.ए.नं केलेला,
इस्त्रीच्या शर्टासारखा.
मग कपाटावरून वही काढली.
कोपरे ओले होऊन वाळलेले, पानं फुगलेली.
लाद्या काढल्या. लाद्या विकल्या. उधार.
आणि चौथा रकाना, त्यांच्याच अक्षरात :
पाणी झालं.
सोमवार, चौदा. मंगळवार, नऊ.
बुधवारी होड्या आल्या नाहीत, बावन्न.
वादळाच्या आठवड्यात आकडाच नाही,
आडवं एकच : सगळं.

मी विचारलं, हे रोज लिहिता?
म्हणाल्या, बाय, झालं ते झालं,
लिवायला काय पैसे पडतात?
यंत्रावरचा पोरगा, सर्फराज, मध्येच म्हणाला,
तुमी पाच-सात वर्षांचं सांगता म्हणे,
मग उद्या बांगडा येल काय, तेवढं सांगा.
सगळे हसले. मीही. वहीत बघत राहिले.

संध्याकाळी मॉडेलमध्ये एक ओळ वाढवली.
तिला काय नाव द्यायचं? तूट? घसारा? नासाडी?
घसारा यंत्राचा होतो. हा तर माल होता,
काल दुपारपर्यंत उभा, पांढरा,
भुशात गुंडाळलेला.
शेवटी तेच लिहिलं, जे वहीत होतं.

कर्जफेडीचं गुणोत्तर आधी एक पूर्णांक अठरा होतं.
हवं सव्वा.
ओळ घातल्यावर एक पूर्णांक अकरा.
वही दाखवलीच नसती तर
जुबैदाबी सात शतांशांनी श्रीमंत होत्या.

परुळेकर साहेबांचा फोन. माणूस वाईट नाही.
"पार्टी चांगली आहे गं. ते दिवस जरा बघ ना,
दोनशे चोवीस बसतात का?
आणि ती नवी ओळ कसली? फॉरमॅटमध्ये नाही ती."
बसतात, सर. सेलमध्ये काय, काहीही बसतं.
पण मी कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलेय,
कुठले चौदा?
शुक्रवारांतले घेऊ की वाऱ्यातले?
चौदा सकाळी कुणाला तरी निघावं लागेल
माझ्या निळ्या आकड्यासाठी
दीपस्तंभाच्या पलीकडे.

निघताना त्यांनी विचारलं होतं,
तुझा हिसाब चुकतो कधी?
चुकतो की. दर तिमाहीला.
मग लिवतेस खंय?
मी रिक्षा बघत होते. रिक्षा आली.

मारुती मंदिराजवळच्या या खोलीत
बंदराचा आवाज येत नाही.
साडेतीन वाजलेत.
दिवस दोनशे दहाच ठेवलेत.
ती ओळ काढते. गुणोत्तर वर येतं.
परत घालते.