कण्या

मोजणं माझं काम.
बोळे आत किती गेले, बाहेर किती आले,
सुया, टाके, टोकं.
बावीस वर्षं कास्त्रोच्या इस्पितळात
डॉक्टरांच्या डाव्या हाताशी उभी राहून
मी मोजत आलेय.

ती मेचुके बेटावरून आली, पहाटेच्या लाँचने.
बारा वर्षांची यास्ना, आणि तिची आई ओतिलिया,
जिच्या नखांत अजून बटाट्याची माती होती.
तक्रार म्हणावी तर तक्रारही नाही:
दुधाचा एक सुळा पडायचं नाव घेईना,
वरची हिरडी जरा फुगलेली,
दुखत नाही, खुपत नाही.
शाळेच्या फोटोत मात्र
सलग तीन वर्षं ओठ मिटलेले.

एक्स-रे दिव्यावर लावला.
हाडात एक पांढरं बोचकं, त्याला बारीक काळी किनार,
आणि बोचक्याच्या वर
वाट न मिळाल्यासारखा आडवा पडलेला
खरा सुळा.
डॉक्टर बाराओना म्हणाल्या, "गाठ आहे. सौम्य."
आईने पहिलाच शब्द ऐकला.
सगळे पहिलाच ऐकतात.
दुसरा आठवतो लाँचमध्ये, निम्म्या वाटेत, समुद्र शांत असेल तर.

मग कॉरिडॉरमध्ये तिने माझ्यापाशी
दाताच्या कण्या केल्या.
खरं सांग. माझी भावजय अशीच गेली, खरं सांग.
मी नर्स.
मला खरं सांगायची परवानगी नाही,
खोटं सांगायचीही.
एवढंच म्हटलं, ती काळी किनार पाहिलीस? कुंपण आहे ते.
गाठीने शेजाऱ्याचं रान खाल्लेलं नाही.
ती गप्प झाली. कुंपण तिला कळतं.

मंगळवारी भूल दिली, तोंडापुरती.
हिरडीचा पडदा उचलला,
हाडाला नखाएवढी खिडकी पाडली,
आणि आतून निघायला लागले
दात.
हो, दातच. तांदळाच्या कणीएवढे.
एकाला मूळ, एकाला नुसताच चकाकता माथा,
दोन तर पाठीला पाठ चिकटलेले.
कुणीतरी दात घडवायला बसलं होतं
आणि पुरे म्हणायला कुणी आलंच नव्हतं.

ट्रेमध्ये टिक्. पुन्हा टिक्.
चादरीखाली यास्नाचं एकेक बोट उठत होतं,
दहा संपली की पुन्हा पहिल्यापासून.
शेवटी बधिर तोंडाने ती म्हणाली, "एतती."
बरोबर. एकतीस.
दोन चाळण्यांतून आमचा हिशेब एकच आला.

आईला ट्रे दाखवला. ती वाकून बघत राहिली.
"बटाटे काढताना बुडाशी असे बारके निघतात," म्हणाली,
"आम्ही टाकत नाही. पुढच्या वर्षीचं बी."
मी घाईने म्हटलं,
अगं, हे उगवत नाहीत. मुळासकट आलंय सगळं.
डॉक्टर हातमोजे काढता काढता हसल्या.

बाटली फॉर्मालिनची, पुएर्तो मोंत्तला जाणारी.
लेबल मी लिहिलं.
अहवाल पंधरवड्याने आला: ओडोंटोमा. सौम्य.
नमुन्यात दातासारखे तुकडे, तीस.
बावीस वर्षांत माझी एकच मोजणी चुकली.
कुठे चुकली ते
मेचुकेतल्या एका काड्यापेटीला माहीत आहे.

सुळ्याला बारीक सोन्याची साखळी बांधली,
महिन्याला मिलिमीटर, मिलिमीटरला महिना,
बैलासारखा नव्हे, हट्टी पाहुण्यासारखा
समजावत समजावत खाली आणला.
पुढच्या डिसेंबरात ओतिलियाने शाळेचा फोटो पाठवला,
सोबत जांभळ्या बटाट्यांची पिशवी.

फोटोत ओठ मिटलेलेच.
मी जरा खट्टू झाले, खोटं कशाला बोलू.
मागे आईचं अक्षर:
दात पूर्ण आला. हसत नाही म्हणून काळजी करू नका,
ही तिच्या बापावर गेलीय.