आवक-जावक

साडेदहाला खिडकी उघडायची असते.
मी दहा चाळीसला उघडतो, कारण शिक्क्याचा पॅड
रात्रभरात वहाणेसारखा वाळलेला असतो
आणि त्यावर चार थेंब पाणी टाकावं
तर आज आमच्या झोनला पाण्याची पाळी नाही.

पहिला कागद गटाराचा. दुसरा गटाराचा.
तिसरा, पहिल्या दोघांचं गटार ज्याच्या दारात येतं त्याचा.
मग मयताचा दाखला, नावात 'ल'च्या जागी 'ळ'.
मुलगा म्हणतो, एका अक्षरापायी बँक
बापाला मेलेला मानत नाही.
मी शिक्का मारतो. विषय, तारीख, क्रमांक.
मानणं न मानणं वरच्या मजल्यावर.
माझ्याकडं नुसतं येतं.

राजमल्लू म्याकल आले ते भर उन्हातून,
दाजी पेठेतले. तीस वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस
मागाचा आवाज गृहीत धरूनच बोलतो.
अख्ख्या कार्यालयाला कळलं
की त्यांच्या बोळातला दिवा दिवसा जळतो.
वर बेचाळीस डिग्री आणि खाली हा पेटलेला,
सूर्याला बॅटरी दाखवत.
'पब्लिकचा पैसा हाय की ओ!'
मी लिहिलं: एक हजार चारशे सात. विद्युत विभाग.

नऊ दिवसांनी जावक झाली.
'आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.'
आणि करण्यात आलंही होतं.
वायरमन शिडीवर चढला, तार कापून उतरला.
आता तो दिवा दिवसा जळत नाही.
रात्रीही.

पुढच्या सोमवारी अंबुबाई कुरापाटी,
बोटांना तंबाखूचा वास, अर्ज नातीच्या अक्षरात.
त्या दिव्याखाली आम्ही सहाजणी बसायचो,
घरचं मीटर थांबायचं,
निजेपर्यंत हजार विड्या व्हायच्या.
आता सहाशेलाच अंधार पडतो.

मागं राजमल्लू, पहिल्यांदाच हळू आवाजात:
'बहीण हाय माझी.
माझा तो कागद माघारी घेता येतो का?'

मी रजिस्टर चाळलं, उगाच.
येतं त्याला रकाना आहे, जातं त्याला आहे,
माघारीला नाही.

इरण्णा शिपाई स्टुलावरनं म्हणाला,
'मग काय बे, लिहून द्या की,
दिवा दिवसा जळू द्यावा म्हणून.'
तो एकटाच हसला.
शेवटी मीच विषय सुचवला:
बोळातील दिवा पूर्ववत करणेबाबत.
पूर्ववत. म्हणजे जसा चुकत होता तसा.
क्रमांक एक हजार चारशे बावन्न.
त्याची जावक अजून नाही.

रात्री अडीचला मैनुद्दीन चावीवाल्याचा फोन,
'सोडलंय साहेब, उठा.'
पाचव्या दिवसाचं पाणी. सगळी कॉलनी जागी,
मोटारी, हंडे, कुणाचं तरी पोर रडतंय.
आमचं घर शेवटचं.
नळ खाकरला, एक तांब्याभर आलं,
मग नुसती हवा, कुणीतरी सुस्कारा सोडावा तशी.
बायको काही बोलली नाही.
तिनं तांब्या टेबलावर ठेवला,
माझ्या ओळखपत्राशेजारी.

सकाळी मी अर्ज लिहिला. विषय: कमी दाब.
आतल्या आत शिक्का मारता आला असता.
पण काय झालं कुणास ठाऊक,
बाहेरनं वळसा घालून
खिडकीसमोर जाऊन उभा राहिलो.

या बाजूनं गज जास्त जवळ दिसतात.
आत माझी खुर्ची, टॉवेल टाकलेली.
पंखा फिरतोय.
मागं दोघं येऊन उभे राहिले, मग एक म्हातारी.
'आत कोण नाही का ओ?'

मी म्हणालो,
'येतील.'