तोंडी लावायला

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी
बोटाला सुई टोचली, कागदावर आकडा लिहिला
आणि माझ्या ताटातला अर्धा भात
तिथंच, टेबलावर, काढून घेतला.

धानाच्या मुलखात असं करतात का कुणाला?

पुस्तकला काही बोलली नाही.
मडक्यातली बरबटी काढली, राखेत ठेवलेली,
पाखडली, गुंजात ओतली,
पत्र्यावर गारा पडाव्यात तशी.
रात्रभर दाणे पाण्यात फुगत राहिले.
झाकण जरासं उचललं गेलं.
मी जागाच.

सकाळी एकेका दाण्याचा एकेक काळा डोळा
माझ्याकडं.
"पाहून काय राह्यले? जेवा."
लसूण, जिरं, वरून सांभार.
शेजारी भात: डोंगर नाही, टेकाड,
मुंगी चढून उतरेल एवढं.

आठ दिवस रुसलो.
नवव्या दिवशी वाटी पुढं सरकवली.
तिनं पाहिलंच नाही असं दाखवत
डाव भरून वाढलं.

काल बांधीवर गेलो.
बाप जिथं बरबटी लावायचा
तो धुरा फवारणीनं टकला झालेला.
खिशातून मूठ काढली.
बोटानं भोक, एकात दोन दाणे,
पायानं माती.
गुडघे कुरकुरले, पण वाकले.

परतताना हटवार भेटला,
आमच्याकडं विचारतात तसंच विचारलं,
"भात खाल्ला का, देवाजी?"

"खाल्ली ना, बरबटी.
भात होता थोडासा,
तोंडी लावाले."