दुसरं जहाज

वर्षातून दोनदा जहाज येतं.
दुसरं परत फिरलं की बर्फ खाडीचं दार लावून घेतो
आणि पुढच्या जुलैपर्यंत
आहे ते आहे,
नाही ते नाही.

पूर्व ग्रीनलंडच्या या दुकानाची वही
एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे.
गावात कुणाला दिवस गेलेत
ते सासूच्या आधी मला कळतं.
"लंगोटांची एक पेटी जास्त लिही," म्हणतात,
आणि घाईघाईने वाऱ्याबद्दल बोलू लागतात.

थोमासिना मे महिन्यात आली.
पोटातलं तेव्हा अंगठ्याएवढं.
मी विचारलं, पुढच्या जूनमध्ये वजन किती असेल त्याचं?
ती हसली, मग हसायची थांबली.
बसलो दोघं हिशोबाला:
डिसेंबरात जन्म, म्हणजे जानेवारीपर्यंत एक नंबर,
फेब्रुवारीत दोन,
एप्रिलमध्ये पालथं पडेल,
जूनमध्ये रांगेल. रांगलं तर गुडघ्यांना जाड काहीतरी.
अंगावरचं दूध आटलं तर पावडर,
नाही आटलं तरी पावडर, कारण जुलै लांब आहे.
तापाचं औषध. थर्मामीटर दोन, एक फुटेलच.
पाऊण तासात, कार्बन कागदावर,
आम्ही त्याला आठ महिन्यांचं करून टाकलं.

ऑगस्टच्या शेवटी जहाज लागलं.
सगळा गाव धक्क्यावर:
काडतुसं, बटाटे, स्नोस्कूटरचे पट्टे,
आणि लंगोटांची खोकी, ज्यांवर एक गुबगुबीत पोर
हिरवळीवर बसून कुणाकडे तरी बघून हसतं.
पावडरीचे सोळा डबे लिहिले होते, सहा आले.
न्हाऊ घालायचा टब आलाच नाही.
त्याऐवजी अकरा छत्र्या.
इथल्या वाऱ्यात छत्री!
दोन दिवस गावातली पोरं त्यांच्यामागे धावली,
तिसऱ्या दिवशी छत्र्या समुद्रात.

टबाचं गेडिऑनने मनावर घेतलं.
मासळीचा निळा क्रेट तीनदा उकळत्या पाण्याने धुतला,
कडा कानशीने घासल्या,
नाक आत घालून वास घेतला,
चौथ्यांदा धुतला.

पावडरीची बातमी मी कुणाला सांगितली नाही,
तरी संध्याकाळपर्यंत काउंटरवर चार डबे.
एक शाळेतल्या बाईंचा, सील न फोडलेला.
दोन कुणाचे, विचारू नका.
चौथ्यात पावडर नव्हतीच,
सीलच्या कातड्याचे बूट होते,
माझी दोन बोटं जेमतेम जातील एवढे.

मग थोमासिनाची आई आली, आर्नानग्वाक.
मार्चमध्ये तिचा मुलगा कोवळ्या बर्फावर गेला
आणि बर्फ त्याच्याखालून गेला.
आता जन्मेल त्याला त्याचंच नाव.
मुलगी झाली तरी तेच.
आमच्यात नाव फार दिवस उघड्यावर ठेवत नाहीत.

तिने लंगोटांकडे पाहिलंही नाही.
फळीवरचे पीचचे डबे मागितले, पाकातले.
किती?
"आहेत तेवढे. फेर्दिनानला आवडतात."
आवडायचे, असं ती म्हणाली नाही.
मी नऊ डबे पिशवीत भरले.
दात नसलेल्या माणसासाठी नऊ डबे पीच
मी आजवर कुणाला विकले नव्हते.

नोव्हेंबरात हेलिकॉप्टर थोमासिनाला घेऊन जाईल
मोठ्या दवाखान्याच्या गावी.
सहा आठवडे ती तिथल्या खिडकीतून
दुसऱ्यांचा बर्फ बघेल.
गेडिऑन इथे क्रेटला अजून एकदा वास येतो का बघेल.

काल रात्री दुकान बंद करताना वही चाळली.
फेर्दिनानचं पान अजून आहे:
काडतुसं, तंबाखू, दोन डबे पीच.
दोनशे बारा क्रोनर उधार.
वरून पत्र आलंय, अशी खाती बुडीत दाखवा म्हणून.
मी दाखवलं नाही.
येतोय ना तो.
दात आले की मागेन.