पात्र

केमीच्या बंदरात माझा रात्रपहारा.
बाहेर समुद्र गोठलेला, उणे सव्वीस.
आत हीटर, थर्मास, पानं सुटलेला शब्दकोश
आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा एक घाट.
तिथे मी तार्मो नसतो.
तिथे मी वेरिन, फौजेतून पळालेला,
डाव्या कानाने ठार बहिरा.

पहिल्याच रात्री माती खाल्ली.
नावाडीण घाटावर आली तसं मी लिहिलं:
माझी नजर पडताच ती थरथरली,
तिच्या हातून वल्हं गळालं.

स्टॉर्नोवेहून इशबेलचं उत्तर आलं,
आधी पात्राबाहेरून, कंसात:
हात माझे आहेत. वल्हं टाकायचं
की तुझ्या टाळक्यात घालायचं, ते मी बघीन.
मग पात्रात शिरून तिने वल्हं उगारलं
आणि थांबली.
लागलं की नाही, ते माझ्यावर सोडून.

त्या उगारलेल्या वल्ह्याखाली
मी वीस मिनिटं बसून होतो.
इतका विश्वास बंदराच्या कचेरीतही
कुणी माझ्यावर टाकला नव्हता.
शेवटी लिहिलं: लागलं. बहिऱ्या कानावर.

तिच्या घरी गेलिक, माझ्या घरी फिनिश.
इंग्रजी आम्हा दोघांनाही भाड्याच्या खोलीसारखी,
आणि मी तिच्यात दिसेल तिथे खिळे ठोकून
विशेषणं टांगत सुटलेलो.
ती म्हणाली, तुझं धुकं फार बोलतं रे.
म्हणाली, काठोकाठ भरलेल्या पात्रात
मी काय ओतायचं?

मध्येच ओस्त्रावाचा एक पोरगा यायचा.
त्याचा सरदार कधी हरत नसे,
पावसात भिजतसुद्धा नसे.
आम्ही त्याला नदीत ढकलून पाहिलं,
तो पाण्यावरून चालत आला.
भांडण असं झालंच नाही.
पण त्याच्या वाक्यांना कुठे कडीच नव्हती,
उघडायचं तरी कुठून?

तिसऱ्या हिवाळ्यात नाव मध्यधारेत असताना
इशबेल गप्प झाली.
चार दिवस. सात. अकरा.
नावाडीण वल्हं पाण्यात घालून तशीच वाकलेली.
बोटं शिवशिवत होती.
एक ओळ तिच्या वतीने लिहिली असती
तर नाव पैलतीराला लागली असती,
कुणाला काय कळणार होतं!
मी वेरिनला गाठोड्यावर बसवलं.
त्याला मोजे पिळायला लावले.
मग पुन्हा तेच मोजे पिळायला लावले.

बाराव्या दिवशी कंस उघडला:
उलापूलच्या बोटीच्या धक्क्यावर, शेवाळलेल्या पायरीवर घसरले.
उजवं मनगट प्लास्टरमध्ये.
डाव्या हाताने लिहिते. सांभाळून घे.

पूर्वी तिच्या एकेका डावात
दोराच्या गाठी, माशांचा वास, मेलेल्या नवऱ्याची टोपी.
आता फक्त:
नाव थांबवते. ऐकते.

बास. एवढंच.
मी चाळीस ओळी लिहिल्या, तिची कसर भरून काढायला.
मग 'ऐकते'कडे पाहिलं.
काय ऐकते? पलीकडून कोण येतंय?
वेरिनला तर ऐकूच येत नाही!
तीन वर्षं माझा बहिरा कान
नुसता कानातल्या डुलासारखा मिरवला होता मी.
सदतीस ओळी खोडल्या.
उरल्या तिनांत तो तिच्या चेहऱ्याकडे पाहतो
आणि दिवा विझवतो.

मार्चमध्ये प्लास्टर निघालं.
पुन्हा चार परिच्छेद, गाठी, मासे, टोपी.
खरं सांगतो, त्या डाव्या हाताची मला आठवण येते.
काल मात्र चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी
तिने काठाकडे दोर फेकला
आणि हवेतच सोडला.

तेवढ्यात बर्फफोडं जहाज भोंगा देत आलं.
मला गेट उघडायला उठणं भाग.
घाईने तिला कंसात लिहिलं:
दुसरं टोक घट्ट धरून ठेव.
पाठवण्याआधी खोडलं.
हात तिचे आहेत.